साहाय्यक दिवे (ऑफ-रोड वाहन)

ऑफ-रोड वाहनावरील साहाय्यक दिवे म्हणजे वाहनाच्या मूळ हेडलाइटव्यतिरिक्त, कच्च्या रस्त्यावर किंवा रस्ताच नसलेल्या भूभागावर रात्री वाहन चालवता यावे म्हणून स्वतंत्रपणे बसवलेले दिवे होत. बोलीभाषेत त्यांना ‘एक्स्ट्रा लाइट’ म्हणतात. दूरवर झोत टाकणारे गोल दिवे, धुक्याचे दिवे, एलईडी बार आणि वाहनाच्या बाजूंना लावलेले कामाचे दिवे हे सर्व या प्रकारात मोडतात. दिवा निवडणे हा या कामाचा सोपा भाग आहे. तो बॅटरीला कसा जोडला आहे यावर त्याचा प्रत्यक्ष उजेड अवलंबून असतो. चुकीच्या जोडणीमुळे तार तापून वाहनाला आगही लागू शकते.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपची विद्युत प्रणाली ६ व्होल्टची होती. याच घराण्यातील जीप १९४०च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनी मुंबईत जोडू लागली. ६ व्होल्टच्या प्रणालीत ठरावीक वॅटचा दिवा लावण्यासाठी १२ व्होल्टच्या तुलनेत दुप्पट विद्युतप्रवाह लागतो. त्यामुळे त्या काळातील वाहनांवर मोठे जादा दिवे लावण्यास फारसा वाव नव्हता. पुढे १२ व्होल्टची प्रणाली रूढ झाली आणि १९६२ साली युरोपात मोटारींसाठीचा पहिला हॅलोजन बल्ब, एच-१, आला. या दोन बदलांनंतर लहान आकाराचा पण प्रखर दिवा शक्य झाला. अमेरिकेत १९४० पासून हेडलाइटसाठी ठरावीक आकाराच्या सीलबंद दिव्यांची सक्ती होती आणि ती १९८३ पर्यंत टिकली. हेडलाइट बदलण्याची मुभा नसल्याने वाळवंटात रात्री गाडी हाकणाऱ्यांनी वेगळे दिवे जोडण्याचा मार्ग धरला. १९६७ साली मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात सुरू झालेल्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत बंपरवर आणि टपावर दिव्यांची रांग असलेली वाहने दिसू लागली. त्या वाहनांचे रूप पुढे जगभरच्या हौशी चालकांनी उचलले. एलईडी बारचा प्रसार मात्र २०१० नंतरच्या दशकातला आहे.

जादा प्रकाशाची गरज

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात ३३ मीटर अंतर संपते. सैल खडीवर घर्षणांक ०.५ धरल्यास वाहन थांबण्यास आणखी सुमारे ५० मीटर लागतात. म्हणजे एकूण अंतर ८० मीटरच्या पुढे जाते आणि डिपरवरील हेडलाइटचा उपयुक्त प्रकाश सहसा इतक्या लांब पोहोचत नाही. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील लांबलचक रस्त्यांवर रात्री कांगारू आणि मोकाट गुरे आडवी येतात. तेथे दूरझोताचे दिवे हौसेइतकेच गरजेपोटीही लावले जातात.

याउलट दगडधोंड्यांतून ताशी पाच-दहा किलोमीटर वेगाने वाट काढताना दूरच्या झोताचा काहीच उपयोग नसतो. तेथे चाकांच्या पुढे आणि बाजूला पसरणारा प्रकाश लागतो.

प्रकाशझोताचे प्रकार

जाहिरातींत दिव्याची क्षमता बहुधा ल्युमेनमध्ये दिलेली असते. ल्युमेन हे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप आहे. तो प्रकाश किती लांब पोहोचेल हे एका दिशेतील तीव्रतेवर, म्हणजे कँडेलावर, ठरते. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात प्रदीपन कमी होते. १,००,००० कँडेला तीव्रतेचा झोत सुमारे ३१६ मीटरवर १ लक्स प्रदीपन देतो. तेवढेच प्रदीपन दुप्पट अंतरावर हवे असल्यास तीव्रता चौपट करावी लागते. म्हणूनच मोठ्या परावर्तकाचा जुना हॅलोजन दिवा ल्युमेनच्या आकड्यात कितीतरी पुढे असलेल्या स्वस्त एलईडी बारपेक्षा लांबवर अधिक दाखवू शकतो.

अरुंद आणि लांब जाणाऱ्या झोतास स्पॉट किंवा पेन्सिल झोत म्हणतात, तर जवळच्या भागात रुंद पसरणाऱ्या झोतास फ्लड म्हणतात. या दोहोंच्या मधला, रस्त्याची रुंदी व्यापत पुढे जाणारा झोत ‘ड्रायव्हिंग’ या नावाने विकला जातो. धुक्याच्या दिव्याचा झोत या सर्वांहून वेगळा असतो. त्याची वरची कड स्पष्ट कापलेली असते आणि प्रकाश त्या कडेखालीच आडवा पसरतो.

धुके, पाऊस आणि धूळ यांतील सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात आणि त्यातला काही भाग चालकाच्या डोळ्यांकडे परततो. दिवा चालकाच्या दृष्टिरेषेच्या जितका जवळ, तितका हा परतणारा प्रकाश जास्त जाणवतो. धुक्याचा दिवा बंपरच्या खालच्या भागात लावण्यामागे हेच कारण आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या घाटांत धुके उतरले असता हाय बीम, म्हणजे चालकांच्या बोलीतील ‘अप्पर’, लावल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते, तीही याच परिणामामुळे. पिवळा प्रकाश धुके भेदतो, हा समज मात्र फारसा खरा नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असल्याने ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. निळा घटक गाळल्यामुळे काही चालकांच्या डोळ्यांना कमी त्रास होतो, इतकेच. फ्रान्समध्ये हेडलाइटसाठी असलेली पिवळ्या प्रकाशाची सक्ती १९९३ साली संपली.

बसवण्याची जागा

बंपर ही सर्वांत प्रचलित जागा होय. तेथे दिव्याला भक्कम आधार मिळतो, तारेचे अंतर कमी राहते आणि बोनेटवर प्रकाश पडत नाही. मोठे दिवे रेडिएटरसमोर आल्यास मात्र हवेचा मार्ग अडतो आणि चढावर, विशेषतः उन्हाळ्यात, इंजिन तापू शकते. चिखल आणि दगडांचा मारही बंपरवरच्या दिव्यांनाच सर्वाधिक बसतो.

टपावरील बार उंचावर असल्याने खड्डे आणि उंचवट्यांच्या सावल्या आखूड पडतात व लांबचा भाग दिसतो. परंतु त्याचा प्रकाश बोनेटवरून परावर्तित होऊन काचेवर येतो, तसेच धूळ उडत असताना तो चालकाच्या डोळ्यांसमोरच पडदा उभा करतो. बार काचेच्या वरच्या कडेपेक्षा थोडा मागे सरकवून किंवा बोनेटवर काळा, चमक नसलेला रंग देऊन पहिला दोष कमी करता येतो. धुळीचा दोष जात नाही. वेगात असताना टपावरील बारमधून येणारी शिटी हीसुद्धा नित्याची तक्रार असते.

दिव्याचा कंस पातळ पत्र्यावर बसवल्यास खडबडीत वाटेवर झोत थरथरतो. दूरझोताच्या दिव्याबाबत हा दोष फार जाणवतो, कारण कंस एक अंश जरी हलला तरी १०० मीटरवर झोत पावणेदोन मीटर वरखाली होतो.

विद्युतजोडणी

प्रत्येकी ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे १२ व्होल्टवर मिळून सुमारे ९.२ अँपिअर प्रवाह घेतात. १०० वॅटचे चार दिवे असल्यास हा आकडा ३३ अँपिअरवर जातो. डॅशबोर्डवरील लहान स्विच इतका प्रवाह सतत वाहून नेण्यासाठी बनवलेले नसतात. हेडलाइटच्या मूळ तारांनाही अशा जादा भाराची सवय नसते. त्या तारेला फाटा काढून नवे दिवे जोडण्याची रीत बाजारात अजूनही दिसते. तीत वेळ वाचतो आणि तार तापते.

तारेचा रोध दिव्यापर्यंत पोहोचणारे व्होल्टेज कमी करतो. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. वरील दोन दिव्यांचा प्रवाह अशा तारेतून डॅशबोर्डवरील स्विचपर्यंत आणि तेथून पुन्हा पुढे, असा ६ मीटर फिरवला, तर जवळपास १ व्होल्टची घट होते. हॅलोजन दिव्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातांकाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे व्होल्टेजमधील ८ टक्के घटीने प्रकाश सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो. तेच दिवे २.५ चौरस मिलिमीटर छेदाच्या अडीच मीटर तारेने जोडले, तर घट ०.१६ व्होल्टच्या आसपास राहते आणि प्रकाशातील तूट चार-पाच टक्क्यांवर येते. दिवा निस्तेज वाटतो म्हणून १०० वॅटचा बल्ब घालणारा चालक त्याच बारीक तारेतील प्रवाह जवळपास दुप्पट करत असतो.

रिले

जाड तार डॅशबोर्डपर्यंत न नेता हे साधण्याचे साधन म्हणजे रिले. रिले हा विद्युतचुंबकावर चालणारा स्विच होय. त्याच्या कॉइलला ०.१५ ते ०.२ अँपिअर इतकाच प्रवाह पुरतो आणि त्या बळावर तो ३० ते ४० अँपिअरचा मार्ग जोडतो किंवा तोडतो. त्यामुळे जाड तारेचे मंडल इंजिनकक्षातच राहते, तर चालकाच्या स्विचपर्यंत केवळ बारीक तार जाते.

रिलेच्या पायांना जर्मनीच्या डीआयएन ७२५५२ मानकातील क्रमांक असतात आणि ते जगभर रूढ आहेत. ३० क्रमांकाच्या पायाला बॅटरीचा धन प्रवाह फ्यूजमार्गे येतो आणि ८७ क्रमांकाच्या पायातून तो दिव्यांकडे जातो. ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोके होत. पाच पायांच्या रिलेत ८७ए हा आणखी एक पाय असतो. रिले बंद असताना तो ३० शी जोडलेला राहतो. या कामात त्याचा उपयोग नाही, उलट चुकून दिवे ८७ए ला जोडले गेले तर रिले बंद असतानाही ते पेटलेले राहतात. ८६ ला हेडलाइटच्या हाय बीमच्या तारेतून, स्विचमार्गे, धन प्रवाह दिला आणि ८५ चेसिसला जोडला, की हाय बीम लावल्यावरच जादा दिवे लागतात आणि डिपर देताच आपोआप विझतात. समोरून वाहन आल्यावर चालकाला दोन स्विच शोधावे लागू नयेत, यासाठी ही रचना महत्त्वाची आहे.

कॉइलचा प्रवाह तुटताना तिच्यात क्षणभर मोठा उलट व्होल्टेज निर्माण होतो. तो शमवण्यासाठी काही रिलेंत डायोड असतो. अशा रिलेत ८५ आणि ८६ यांची अदलाबदल चालत नाही; साध्या रिलेत चालते.

फ्यूज

फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो. दिवा बिघडला तर तो बदलता येतो, परंतु बॅटरीपासून निघालेली तार घासून चेसिसला टेकली तर तिच्यातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो आणि काही सेकंदांत तारेचे वेष्टन पेट घेते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून जमेल तितक्या जवळ, शक्यतो वीतभर अंतरात, बसवतात. बॅटरी आणि फ्यूज यांमधला तुकडा पूर्णपणे असुरक्षित असतो. फ्यूज रिलेपाशी किंवा दिव्यापाशी लावल्यास वाटेतली सगळी तार उघडी पडते.

फ्यूजचा आकडा दिव्यांच्या सततच्या प्रवाहापेक्षा जास्त आणि तारेच्या क्षमतेपेक्षा कमी असावा लागतो. हॅलोजनची थंड तार पेटतानाच्या क्षणी नेहमीच्या दहापट किंवा त्याहून अधिक प्रवाह ओढते, म्हणून थोडी सूट ठेवणे आवश्यक असते. ९.२ अँपिअरच्या वरील उदाहरणात १५ अँपिअरचा निळा फ्यूज योग्य ठरतो. पात्यांच्या फ्यूजमध्ये १० अँपिअरला लाल, २० ला पिवळा आणि ३० ला हिरवा रंग असतो. फ्यूज वारंवार उडत असल्यास मोठा फ्यूज घालणे हा उपाय नव्हे, कारण मग तारच फ्यूजचे काम करू लागते.

अर्थ जोडणी

परतीचा मार्ग दुर्लक्षित राहतो आणि मंद दिव्यांच्या तक्रारींचा मोठा वाटा त्याच्याकडेच जातो. दिव्याची ऋण तार रंग खरवडून स्वच्छ केलेल्या धातूवर, गोल डोळ्याच्या टर्मिनलने आणि दातेरी वॉशर घालून आवळतात. त्यानंतर जोडावर ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावल्यास गंज रोखला जातो. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत ही काळजी न घेतलेला जोड फार काळ टिकत नाही. ज्या नव्या वाहनांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो, तेथे जादा दिव्यांची ऋण तार थेट त्या टोकाला न जोडता चेसिसला जोडतात. अन्यथा हा प्रवाह सेन्सरच्या मोजणीतून निसटतो.

वाहनानुसार बदल

वर दिलेली हाय बीमची जोडणी सर्व वाहनांना लागू पडत नाही. टोयोटाच्या अनेक मॉडेलांत, तसेच इतर काही जपानी वाहनांत, हेडलाइटला धन प्रवाह आधीच पोहोचलेला असतो आणि स्विच ऋण बाजू जोडतो. तेथे नेहमीची जोडणी केल्यास दिवे लागत नाहीत किंवा उलट वागतात. अशा वाहनात कॉइलच्या एका टोकाला धन प्रवाह देऊन दुसरे टोक हाय बीमच्या ऋण तारेस जोडतात. तारेला हात लावण्यापूर्वी मल्टिमीटरने अप्पर आणि डिपर अशा दोन्ही स्थितींत व्होल्टेज पाहिल्यास हा भेद लगेच कळतो.

संगणकीय नियंत्रण असलेल्या वाहनांत हेडलाइटचा प्रवाह स्पंदांच्या रूपात दिला जाऊ शकतो. मग साधा रिले थरथरतो, किंवा नियंत्रक ‘बल्ब बिघडला’ असा इशारा देतो. तेथे त्या मॉडेलसाठी बनवलेले स्वतंत्र मॉड्यूल वापरावे लागते.

बसवणीचा क्रम

काम सुरू करताना बॅटरीची ऋण तार प्रथम काढतात आणि शेवटी जोडतात. धन टोक आधी सोडवताना पाना चेसिसला लागला तर पान्यातूनच शॉर्ट सर्किट होते. ऋण तार आधी काढलेली असल्यास तसे होत नाही. दिवे आणि रिले आधी घट्ट बसवून मगच तार मोजून कापतात. रिलेचे पाय खालच्या दिशेला ठेवतात, म्हणजे पाणी आत साचत नाही. तार एक्झॉस्टपासून आणि फिरत्या भागांपासून दूर, मूळ वायरिंगच्या कडेने, नालीदार प्लास्टिक नळीतून नेतात. पत्र्याच्या छिद्रातून जाताना रबरी ग्रोमेट अनिवार्य असते, कारण पत्र्याची कड आणि सततचा हादरा मिळून काही महिन्यांत वेष्टन कापून काढतात.

टर्मिनल योग्य पकडीने दाबून बसवणे हे डाग देण्यापेक्षा सरस मानले जाते. वितळलेले कथील तारेच्या धाग्यांत वर चढते, तेवढा भाग ताठ होतो आणि हादऱ्यांनी नेमका त्याच्या कडेला तुटतो. धागे पिळून वर चिकटपट्टी गुंडाळणे ही सर्वांत वाईट जोडणी होय. तयार हार्नेस घेताना तार शुद्ध तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची, हे कापून पाहणे उपयोगी ठरते. ॲल्युमिनियमची रोधकता तांब्याच्या दीडपटीहून अधिक असते.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून आणि दिवे लावून बॅटरीच्या टोकांवर व दिव्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजतात. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आल्यास धन आणि ऋण बाजू वेगवेगळ्या मोजून दोष शोधता येतो. झोताची दिशा वाहनात नेहमीचे सामान आणि माणसे असताना ठरवतात, कारण मागे भार पडल्यावर वाहनाचे नाक वर उचलले जाते.

बॅटरीचा हिशेबही ध्यानात घ्यावा लागतो. तळावर इंजिन बंद करून ४०० वॅटचे दिवे लावले, तर ६० अँपिअर-तासांची बॅटरी कागदोपत्री दोन तासांच्या आतच संपते. प्रत्यक्षात इंजिन सुरू करण्याची तिची ताकद त्याच्या बरीच आधी जाते. मंद गतीने चालणाऱ्या इंजिनावर अल्टरनेटरही आपल्या कमाल क्षमतेपेक्षा पुष्कळ कमी प्रवाह देतो.

एलईडी दिव्यांची वैशिष्ट्ये

एलईडी दिवे त्याच प्रकाशासाठी हॅलोजनच्या तुलनेत खूपच कमी वीज घेतात आणि हादरे चांगले सोसतात. त्यांतील अनेकांचे अंतर्गत नियंत्रक शक्ती स्थिर राखतात, त्यामुळे व्होल्टेज घटले तरी प्रकाश कमी होत नाही, पण प्रवाह वाढतो. एलईडीसाठी तार कितीही बारीक चालते, असे त्यामुळे म्हणता येत नाही. त्यांची उष्णता मागच्या पंखांतून बाहेर पडते. चिखलाने ते पंख बुजल्यास दिवा तापतो आणि त्याचे आयुष्य घटते. समोरची काच थंड राहत असल्याने हिमप्रदेशात तिच्यावर बर्फ साचतो. हॅलोजनच्या उष्णतेने तो वितळून जात असे. हलक्या प्रतीचे नियंत्रक रेडिओ आणि वायरलेस संचात खरखर निर्माण करतात. पाण्यातून जाणाऱ्या वाहनासाठी आयपी ६७ श्रेणी पाहतात. तिचा अर्थ पूर्ण धूळरोध आणि १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटे टिकाव असा होतो.

कायदेशीर स्थिती

युरोपात लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. ४८ नुसार एकाच वेळी लागणाऱ्या सर्व हाय बीम दिव्यांची एकत्रित तीव्रता ४,३०,००० कँडेलापेक्षा अधिक असू नये. हे मूल्य १०० या संदर्भांकाने दाखवतात आणि प्रत्येक दिव्याच्या काचेवर त्याचा स्वतःचा अंक कोरलेला असतो. १२.५ अंकाचे दोन हेडलाइट असलेल्या वाहनावर ३७.५ अंकाचे दोन जादा दिवे लावले की मर्यादा गाठली जाते. ऑस्ट्रेलियात जादा ड्रायव्हिंग दिवे हाय बीमबरोबरच लागावेत आणि डिपरवर विझावेत, अशी अट आहे. कॅलिफोर्नियात केवळ ऑफ-रोड वापरासाठी टपावर लावलेले दिवे सार्वजनिक रस्त्यावर अपारदर्शक झाकणाने झाकावे लागतात.

भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १११ वाहनाच्या पुढील बाजूस स्पॉट लाइट किंवा सर्च लाइट लावण्यास मनाई करतो. नोंदणी प्राधिकाऱ्याची पूर्वपरवानगी असलेली अपवादात्मक परिस्थिती तेवढी वगळलेली आहे. नियम १०६ मध्ये समोरच्या व्यक्तीचे डोळे दिपू नयेत यासाठी झोत खाली वळवलेला असण्याची तरतूद आहे. बाजारात दिवे सर्रास विकले जात असले, तरी ते सार्वजनिक रस्त्यावर लावण्यास त्यामुळे मान्यता मिळत नाही. हे दिवे पुष्कळदा पुढील लोखंडी क्रॅश गार्डवर बसवलेले असतात. त्या क्रॅश गार्डविरुद्धही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा आधार घेत, राज्यांना कारवाई करण्यास सांगितले आहे.